तारांकित प्रश्न आणि सुपारी

आनंदराज दाजींनी चपला काढायच्या आधीच बातमी सांगितली, तेव्हाच दीपमालाच्या लक्षात आलं की ती चांगली नाही. चांगली बातमी असली की दाजी आधी पाणी मागत, मग चहा, मग केळीच्या भावाचं बोलत, आणि समोरच्याचा जीव पुरता टांगणीला लागला की मग हळूच तोंड उघडत. आज ते उंबऱ्यातूनच म्हणाले,

"लातूरवाल्यांनी सुपारी ढकलली. उद्या न्हाई. सोमवारी, सकाळी अकराला."

सुमनबाई ओटीचे खण निवडत बसल्या होत्या. दीपमालाची ही थोरली नणंद, आणि दाजींची बायको. हातातला खण तसाच धरून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. "सोमवार? गाड्या रविवारच्या सांगितल्या हायत की!"

"गुरुजीनं मुहूर्त काढला म्हणे."

"मग रविवारचा कुणी काढलता? त्याच गुरुजीनं ना?"

दाजी चपला काढायला वाकले. उत्तराची गरजही नव्हती. सोमवारी सकाळी अकराला दिल्लीत काय आहे हे नांदेडच्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लातूरला राजशेखर गुत्तेदारांनाही ठाऊक होतं, हे आता कळलं.

दीपमालाचा धाकटा दीर हरिओम विरोधी पक्षाचा खासदार. सोमवारी अकराला लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सुरू होणार होता आणि हरिओमचा तारांकित प्रश्न त्या दिवशीच्या यादीत तिसरा होता. तारांकित म्हणजे मंत्र्याने उभं राहून, तोंडाने उत्तर द्यायचा प्रश्न. असे प्रश्न सोडतीत निघतात. शेकडो खासदार चिठ्ठ्या टाकतात, थोड्यांचं नशीब उघडतं, आणि त्यातल्याही पहिल्या चारपाच जणांनाच बोलायला मिळतं. हरिओमचा प्रश्न होता खेड्यांतल्या पाण्याच्या टाक्यांचा. टाक्या उभ्या राहिल्या, घरोघर नळ बसले, आणि पाणी मात्र आलं नाही. त्यातल्या चार टाक्या राजशेखर गुत्तेदारांनी कंत्राटावर बांधलेल्या होत्या. आणि राजशेखर गुत्तेदार म्हणजे दीपमालाच्या लेकीचे, ऋतुजाचे, होऊ घातलेले सासरे.

दीपमालाचा नवरा भुजंगराव गेल्यापासून घरात पाटावर बसण्याजोगा पुरुष एकच, हरिओम. मुलीकडून सुपारी त्यानेच घ्यायची. दाजी पडले घरचे जावई, त्यांना तो मान नाही. दीपमाला मुलीची आई खरी, पण विधवा. तिने आतल्या खोलीत बसायचं, हे कुणी सांगण्याचीसुद्धा गरज नव्हती. म्हणजे सोमवारी अकराला हरिओम एकतर दिल्लीत उभा राहणार, नाहीतर लातूरला पाटावर बसणार. गुत्तेदार हुशार माणूस. जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. नुसता मुहूर्त सरकवला.

"सरळ हाय," दाजी पंख्याखाली बसत म्हणाले. "एक दिवस न्हाई गेला तर काय सभागृह बंद पडतं का? पेपरात आलतं ना, सवाल इचारण्यात आपला खासदार पुढं. शेकडो इचारले. एकानं तरी काय झालं? आपल्या गावाचा रस्ता हाय तसाच हाय. लोक आता 'सवालवाला खासदार' म्हणून चिडवून राहिले."

"विरोधात बसल्यावर दुसरं काय करंल त्यो?" सुमनबाई भावाच्या बाजूने फणकारल्या. "सत्तेतल्याला दारं उघडी असतात. आपल्याला तोंडच तेवढं हाय."

"तोंड हाय तर ते एक दिवस मिटलं तर काय बिघडतंय, हे इचारून राहिलो मी."

सुमनबाईंनी खणांची चवड पुन्हा मांडीवर घेतली. भाऊ एका बाजूला आणि भाची दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची ओढाताण त्यांच्या तोंडावर दिसत होती. मग त्यांनी दीपमालाकडे पाहिलं, आणि दाजींनीही पाहिलं. त्या दोघांचं असं एकमत गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"त्यो दुसऱ्या कुणाचं ऐकणार न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. "तुझं ऐकंल, दीपा. तूच सांग."

हे मात्र खरं होतं. दीपमाला लग्न होऊन आली तेव्हा हरिओम शाळेत जाणारं पोर होता, बोलताना अडखळणारा, चारचौघांत मान खाली घालणारा. वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं तेव्हा त्याने भाषण म्हणून दाखवलं ते चुलीपुढे बसलेल्या वहिनीला. ती भाकरी थापत ऐकायची. तो संपला की विचारायचा, "वैनी, समजलं का?" समजलं नाही म्हटलं की चिडायचा आणि पुन्हा लिहायचा. ती सवय गेलीच नाही. खासदार झाला तरी प्रश्न लिहिला की आधी फोन वहिनीला. सातवी शिकलेल्या वहिनीला कळलं तर मंत्र्यालाही कळेल, निदान कळलं नाही असं म्हणता येणार नाही, असा त्याचा हिशेब. त्याच्या पक्षातल्या लोकांना वाटे, इतका सोपा प्रश्न लिहून देणारा कुणी मोठा वकील त्याने दिल्लीत ठेवला आहे.

या वेळी तर गोष्ट आणखी पुढची होती, आणि ती दीपमाला आणि हरिओम सोडून कुणालाच माहीत नव्हती. उन्हाळ्यात तिचं माहेर निघालं होतं बोलण्यात. धर्माबादजवळच्या त्या खेड्यात तिची आई गुणाबाई सत्तरीतही शेतातल्या बोअरवरून घागर आणत होती, आणि तेही नवीकोरी टाकी दारात उभी असताना. दीपमाला फोनवर सहज बोलून गेली होती, "भाऊजी, टाकी हाय, नळ हाय, मग पाणी कामून न्हाई, हे कुणी इचारत कसं न्हाई हो?" पलीकडे हरिओमने कागद ओढून घेतल्याचा आवाज आला होता. मग म्हणाला होता, "वैनी, हे असंच्या असं लिहितो." टाकी कुणी बांधली हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ऋतुजाची सोयरीक तर नंतर जुळली.

म्हणजे लेकीचं लग्न ज्या प्रश्नावर अडलं होतं, तो प्रश्न तिचाच होता.

ऋतुजा आतल्या खोलीत साडीला पिना लावून बघत होती. विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात गुत्तेदारांचा मुलगा शिवम तिच्या वर्गात होता. स्थळ दाजींनी आणलं असं जगाला सांगितलं असलं तरी दाजींना ते आणायला कुणी लावलं हे दीपमालाला पक्कं माहीत होतं. ती दारात उभी राहिली. लेकीने आरशातूनच पाहिलं.

"मला इचारू नको आई," ऋतुजा म्हणाली. "काकाला नको म्हणू का शिवमला नको म्हणू? मला जमणार न्हाई ते." आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला आलंच. दीपमालाने तिचं डोकं पोटाशी धरलं. लेकीचा बाप असता तर हा पेच तिच्यापर्यंत आलाच नसता, असं वाटून तिला भुजंगरावांचा रागच आला.

हरिओम संध्याकाळी आला. बैठकीतल्या कार्यकर्त्यांना वाटेला लावून तो नेहमीसारखा थेट स्वयंपाकघरात शिरला आणि पाट ओढून बसला. दीपमालाने ताट वाढलं.

"दाजींनी तुमाला पुढं केलं, हाव ना?" त्याने विचारलं.

"हाव."

तो हसला. वहिनीशी त्याला कधी राजकारण करता आलं नाही. "तुमी थांब म्हणा वैनी, मी थांबतो. इतक्या वर्सांत तुमी मला काई मागितलं न्हाई. ऋतूसाठी मागितलं तर मी न्हाई म्हणंल का?"

तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "न्हाई गेलात तर काय होईल?"

"काई होणार न्हाई. तीच तर गंमत हाय. नाव पुकारतील, माझी जागा रिकामी. लेखी उत्तर पटलावर जाईल, आन पुढचा प्रश्न."

"काय असंल उत्तरात?"

"मी आधी पत्र लिहिलतं, त्याला आलं तेच. काम पूर्ण."

"पूर्ण?"

"पूर्ण. उभं राहून उपप्रश्न इचारला तर त्याला खोडता येतं. न्हाईतर कायमचं तेच लिहिलेलं राहतं."

भाकरी करपल्याचा वास आला. दीपमालाने ती उचलून बाजूला ठेवली. आतल्या खोलीतून ऋतुजाच्या बांगड्यांचा आवाज येत होता. आईचं मन दोन्हीकडे कसं असतं ते आईलाच विचारावं. तिने देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "थांबा मग."

हरिओमने मान हलवली. "बरं," म्हणाला. ताट स्वच्छ करून उठला आणि हात धुऊन थेट गच्चीवर गेला. बाहेर दाजींना खुणेनेच कळलं. त्यांनी लगेच लातूरला फोन लावला, आणि बऱ्याच वेळाने घरात कुणीतरी मोठ्याने हसलं. दीपमालाला मात्र जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी गुणाबाईचा फोन आला. म्हातारी फोनवर ओरडून बोलते, नांदेड लांब आहे म्हणून.

"दीपे, उद्या हरी बोलणार हाय ना आपल्या टाकीचं? ताहेरमियाच्या पोरानं मोबाईल मोठ्या आवाजाच्या डब्याला जोडून देतो म्हणलंय. समद्या बायका टाकीखाली बसणार हावोत. सावली तरी देती मेली!"

"माय, अगं..."

"हसीना तर म्हणती, दुपारचा सैपाक आधी उरकते. मी म्हणलं, आमच्या दीपीच्या दिरानं इचारलं म्हणजे मंत्र्याला बोलावंच लागंल. आता ठेव, घागर आणायची हाय."

फोन बंद झाला तरी दीपमाला तो कानाशी धरून उभी होती. टाकीखाली बसलेल्या बायका तिला दिसायला लागल्या. नाव पुकारलं जाईल, रिकामी जागा दिसेल, आणि त्या एकमेकींकडे बघतील. मग पदर झटकून उठतील आणि घागरी घेऊन शेताकडे जातील. त्यांना राग येणार नाही. त्यांना सवय आहे. तिला तेच सोसवेना.

ती आत गेली. दुधात पीठ भिजवलं, गूळ घातला आणि दशम्या लाटायला बसली. हरिओम दिल्लीला निघाला की वहिनीच्या दशम्या आणि ठेचा बरोबर असायचाच, पहिल्या निवडणुकीपासून. तव्यावर दशमी पडल्याचा वास सुटला तशा सुमनबाई दारात आल्या. त्यांनी पाहिलं आणि त्यांना कळलं.

"दीपा, हे काय करून राहिलीस?"

"दशम्या."

"सोन्यासारखं स्थळ हाय गं! लेकीचं घर बसायच्या आधी मोडतीस?"

दीपमालाने शेवटची दशमी तव्यावरून उतरवली. फडक्यात गाठोडं बांधून ती गच्चीवर गेली आणि ते हरिओमपुढे ठेवलं. त्याने गाठोड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डोळे भरले ते त्याने लपवले नाहीत.

"आन पाटावर, वैनी?"

"ते मी बघते. तुमी निघा. उद्या माझ्या मायच्या गावच्या बायका टाकीखाली बसून ऐकणार हायत. आन एक सांगते, गुत्तेदाराचं नाव घेऊ नका. माणसाचं नको, पाण्याचं इचारा."

हैदराबादहून विमान होतं. तो वाकून तिच्या पाया पडला आणि दाजींच्या समोरून निघून गेला. दाजींनी लातूरला पुन्हा फोन लावायला घेतला, तर दीपमालाने त्यांचा हात धरला. नणंदेच्या नवऱ्याचा हात धरायची ही तिची पहिलीच वेळ. "सांगू नका दाजी. आपण वेळेवर जाऊ. काय म्हणायचं ते तोंडावर म्हणतील."

सोमवारी पहाटे निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. ऋतुजा खिडकीबाहेर बघत होती. सुमनबाईंनी ओटीचं ताट मांडीवर असं घट्ट धरलं होतं, जणू कुणी हिसकावून नेणार आहे.

राजशेखर गुत्तेदारांच्या घरी पंचवीसतीस पाहुणे होते. दोन पाट मांडलेले, भोवती रांगोळी. गुत्तेदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत एका पाटावर बसलेलेच होते. त्यांनी आत येणारी माणसं नजरेनं मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हरिओमराव मागून येऊन राहिले का?"

"दिल्लीला हायत," दीपमाला म्हणाली.

दाजी खांबाकडे बघायला लागले. गुरुजींनी घसा साफ केला. "मग मुलीकडून पाटावर कोण?"

"मी बसते."

बायकांत कुजबुज उठली. एका म्हातारीने तर तोंडाला पदर लावला. दीपमाला दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. तेव्हा मागून सुमनबाईंचा आवाज आला, कालपासून तिच्याशी अबोला धरलेल्या सुमनबाईंचा.

"बसू द्या तिला. माझा भाऊ गेल्यावर शेत तिनं बघितलं, लेक तिनं शिकवली. मंग सुपारीलाच तिचा हात कामून नको?"

दीपमाला पाटावर बसली. गुत्तेदार मात्र ताडकन बोलले, "तुमचा दीर तिकडं भर सभेत आमची इज्जत काढून राहिला, आन तुमी इथं सुपारी मागता? लई झालं हे!"

"बाबा, सुरू झालंय," शिवम मध्येच म्हणाला. तो कोपऱ्यात मोबाईल घेऊन उभा होता. आवाज कमी करायचा तर त्याने तो वाढवला आणि मोबाईल दोन पाटांच्या मधे, सुपारीच्या ताटाशेजारी ठेवला. ऋतुजाने पहिल्यांदाच मान वर केली.

हरिओमचं नाव पुकारलं गेलं. मग त्याचा आवाज आला, मराठीत, ठाम, कुठेही न अडखळता. "अध्यक्ष महोदय, उत्तरात काम पूर्ण असं म्हटलं आहे. माझा प्रश्न साधा आहे. टाकी आहे, नळ आहे, मग पाणी का नाही? आमच्या एका गावात आत्ता बायका त्या कोरड्या टाकीखाली बसून आपलं उत्तर ऐकत आहेत. त्यांना समजेल असं सांगावं."

सभागृहात गलका झाला. मंत्री बरंच बोलले, आकडे बोलले, योजना बोलले. हरिओमने तेच पुन्हा विचारलं. शेवटी मंत्री म्हणाले, या गावांची पाहणी करून सभागृहाला माहिती दिली जाईल. पुढचा प्रश्न पुकारला गेला. शिवमने वाकून मोबाईल उचलला.

गुत्तेदार अजून त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. "माझं नाव न्हाई घेतलं त्यानं," ते हळू म्हणाले.

"घ्यायचंच नव्हतं," दीपमाला म्हणाली. "मीच नको म्हणलं. भाऊजीवर राग धरू नका. त्यो सवाल त्यांचा न्हाई, माझा हाय. टाकीखाली बसलेल्यांत माझी माय हाय. दिल्लीला त्यांनी इचारलं, हितं मी इचारते. पाणी कामून येत न्हाई?"

आपण एवढं बोललो याचंच तिला नवल वाटलं. भरल्या घरात, पुरुषांसमोर, तिने आजवर जेवायला वाढू का याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. आता बोलून झालं होतं आणि सोयरीक राहिली तर राहिली.

गुत्तेदारांनी सुपारीचं ताट उगाच सरळ केलं. बोलले ते तिच्याकडे न बघता, लेकाकडे बघत. "टाकी माझी. चोख बांधली, एक थेंब गळायची न्हाई. खालून येणारी पाण्याची लाईन दुसऱ्या गुत्तेदाराची, ती अर्धीच पडली." मग थांबून म्हणाले, "पर काम पूर्ण म्हणून सही मी बी केली. न केली असती तर माझं बी अडलं असतं."

"मग पाहणीला लोक येतील तवा हेच सांगा, बाबा," शिवम म्हणाला.

बाप लेकाकडे बघत राहिला. "सांगावं लागंल," शेवटी म्हणाला. आणि गुरुजींकडे वळला. "मुहूर्त टळला का हो?"

गुरुजी बिचारे गोंधळले. "तसा आजचा दिवसभर चांगलाच आहे," ते म्हणाले, आणि दाजींना खोकल्याची उबळ आली.

सुपारीचं ताट पुढे आलं. कुंकवाच्या करंड्याकडे दीपमालाचा हात गेला नाही. सवयीने तो मांडीवरच राहिला. तेव्हा आतून शिवमची आई महामाया बाहेर आली. तिने खाली बसून दीपमालाचं मनगट धरलं आणि तिचं बोट कुंकवात बुडवलं.

"तुमच्या हातानं लावा, विहीणबाई," ती म्हणाली. "माझ्या माहेरी बी तसलीच एक टाकी हाय."

दीपमालाने शिवमच्या कपाळाला कुंकू लावलं. सुपारी घेतली. ऋतुजा रडत होती की हसत होती ते आईलाही कळेना. एवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. डाव्या हाताने, कुंकवाचं बोट जपत, तिने तो कानाला लावला.

मागे सभागृहाबाहेरचा गलबला होता. हरिओमचा आवाज शाळकरी पोरासारखा घाईचा होता.

"वैनी, समजलं का?"

तिने समोर पाहिलं. गुत्तेदार मान खाली घालून बसले होते. सुमनबाई डोळे पुसत साखर वाटत होत्या.

"समजलं, भाऊजी," ती म्हणाली. "हितं बी समजलं."